नीलम्माची मराठी

नीलम्मा मैंदर्गीची. लग्न होऊन सोलापुरात आली तेव्हा तिला मराठी जेमतेम बाजारापुरती यायची. बाकीची ती हळूहळू शिकली, तीही भांडून: नळावर, भाजीवालीशी, पुढं जुळे सोलापूर भागात फ्लॅट घेतल्यावर सोसायटीच्या सेक्रेटरीशी. तिच्या नवऱ्याला, धोंडीरामला, मात्र तीस वर्षांत कानडी आली नाही. सासुरवाडीला गेला की तो जेवायचा, मान हलवायचा आणि झोपायचा. जावई लई शांत, असं तिकडं म्हणत. नीलम्मा हसायची, कारण घरात त्याचं तोंड बंद नसायचं.

मुलगी पिंकी पुण्याला नांदत होती. घरात दोघंच. धोंडीराम चिंचोळी एमआयडीसीत धाग्याच्या कारखान्यात पहिल्या पाळीला जायचा.

फेब्रुवारीतल्या एका मंगळवारी सकाळी सहाला नीलम्मा त्याचा डबा भरत होती. हातातला चमचा पडला. उचलला, पुन्हा पडला. उजव्या हाताला मुंग्या आल्यात, म्हणाली, आणि शब्द जरा जड आले. पित्त झालं असेल म्हणून त्यानं लिंबूपाणी करून दिलं. ते ओठाच्या कडेनं थोडं सांडलं. त्यानं तिला पलंगावर निजवलं, पांघरूण घातलं. कंपनीची बस चौकात यायची वेळ झाली होती. तिचे डोळे मिटलेले बघून तो डबा घेऊन, दार ओढून निघाला.

पावणेचारला परत आला तेव्हा ती पलंगाखाली पडलेली होती.

दवाखान्यातल्या डॉक्टरीणबाई त्याच्या मुलीच्या वयाच्या होत्या. त्यांनी मेंदूचा फोटो दाखवला. डाव्या बाजूला एक काळसर डाग होता. गुठळीनं रक्त अडलं की मधल्या पेशी काही मिनिटांतच मरतात, त्यांनी सांगितलं. कडेच्या लगेच मरत नाहीत. अर्धपोटी तग धरून असतात, काही तास. पण मरणाऱ्या पेशींतून जे काही सांडतं ते शेजारच्या पेशींना बाधतं, म्हणून डाग पसरत जातो. वेळेत रक्त पोचलं तर त्या कडेच्या पेशी वाचवता येतात.

"वेळेत म्हंजी किती?" धोंडीरामनं विचारलं.

"साधारण साडेचार तास. तेवढ्यात आलं तर गुठळी विरघळवायचं इंजेक्शन देता येतं. सगळ्यांना त्यानं बरं वाटतंच असं नाही."

"बरं," तो म्हणाला, आणि सही कुठं करायची ते विचारलं.

पुढचे दिवस तो बाकड्यावर बसून राहिला. फोनवर पिंकी रडत होती, तेव्हा तो फोन कानाला धरून उभा होता. कॅन्टीनचा चहा बिनसाखरेचा होता हे त्याला कप रिकामा झाल्यावर कळलं. पिंकीचा नवरा म्हणाला, बाबा, थोडं रडून घ्या. त्यानं मान हलवली.

नवव्या दिवशी नीलम्मा पहिला शब्द बोलली. "नीरू." नर्सला कळलं नाही. धोंडीरामनं पाण्याचा पेला पुढं केला. नंतर जेवणाचं ऊटा आलं, ये म्हणायचं बा आलं, पुरे म्हणायचं साकु आलं. जे आलं ते सगळं कानडी. मराठीत काही विचारलं तर ती त्याच्या ओठांकडं बघत राहायची. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, दोन भाषा येणाऱ्यांत असं होतं कधी कधी. दुसरी येईल, कदाचित येणारही नाही.

घरी आणल्यावर त्यानं मैंदर्गीहून मेव्हणीला, गौरम्माला, बोलावून घेतलं. तिला दोन्ही भाषा यायच्या. घरातलं सगळं बोलणं तिच्यातून जाऊ लागलं. पंखा बंद करा म्हणती. पाय दुखतोय म्हणती.

पाचव्या आठवड्यात एका दुपारी नीलम्मा बराच वेळ बोलली, अडखळत, मध्ये मध्ये थांबून. गौरम्मा तिच्या हाताला तेल चोळत होती, ती चोळायची थांबली.

"काय म्हणती?"

"काय न्हाय."

"सांगा की."

गौरम्मानं त्याच्याकडं न बघता सांगितलं. "त्या दिवशी तुमी दार लावलं तवा ती जागी हुती. हाका मारीत हुती तुमाला. आवाजच निघंना, म्हणती."

"आनि?"

"आनि भाजीत मीठ घालायचं ऱ्हायलं, म्हणती."

त्या दिवशी कारखान्यात जेवायच्या सुट्टीत त्यानं शेजारच्या कामगाराकडून मीठ मागून घेतलं होतं. बारा वाजले होते. साडेचार तास तोवर कधीच होऊन गेले होते. पण मीठ लावून त्यानं भाजी खाल्ली होती, चवीनं, हे त्याला आठवलं. त्यावर काय वाटायला हवं ते त्याला सुचेना. तो उठला आणि वाळत घातलेले कपडे काढून आणले.

उन्हाळ्यात गौरम्मा गावी गेली. जायच्या आधी तिनं त्याला पन्नासेक शब्द शिकवले. तो आता दुसऱ्या पाळीला जातो, तेव्हा शेजारच्या बजाबाई नीलम्माजवळ येऊन बसतात. ती काठी धरून संडासापर्यंत जाते. मराठी आलेली नाही. तो दुखतं का विचारतो, भूक लागली का विचारतो, ती उत्तर देते. त्याच्या शब्दांपलीकडचं काही ती बोलली तर तो हूं म्हणतो. ती गप्प होते.

रविवारी गौरम्माचा फोन येतो. धोंडीराम तो स्पीकरवर लावून पलंगावर ठेवतो आणि खुर्ची ओढून जवळ बसतो. दोघी बहिणी बोलत राहतात. मध्येच ओळखीचा एखादा शब्द येतो, बाकी सगळं त्याच्या डोक्यावरून जातं.