धोंडुबाईच्या वाट्याची कोरी कॅप्सूल

जोतिबाच्या डोंगरावर, देवळाकडं उतरणाऱ्या पायऱ्यांच्या डाव्या अंगाला धोंडुबाईचं नारळ-गुलालाचं दुकान आहे. दुकान म्हणजे वर पत्रा, पुढं फळी आणि मागं धोंडुबाईचा आवाज. "या पावणं, चपला हितं काढा!" अशी हाक आली की माणूस आधी चप्पल काढतो आणि मग हाक कुणी मारली ते बघतो. शेजारच्या दुकानात शालूबाई बसते. दोघींचं वय सारखं, माल सारखा, आणि गिऱ्हाईक कुणाचं यावरून भांडण रोजचं. दुपारी भाकरी मात्र एकाच फडक्यावर.

साठी उलटली तशी दोघींच्या गुडघ्यांनी एकदमच तक्रार सुरू केली. संध्याकाळी दुकान आवरून पायऱ्या चढताना धोंडुबाई वाटेत टेकायची, देवाचं नाव घ्यायची आणि मग गुडघ्यांना शिव्या घालायची.

अशातच कोल्हापुरातल्या एका दवाखान्यातून निशिगंधा नावाची हाडांची डॉक्टर डोंगरावर आली. तिशीपस्तिशीची, बारीक चणीची, पण बोलणं स्पष्ट. शाळेच्या व्हरांड्यात तिनं गुडघेदुखीवाल्यांना गोळा केलं आणि सांगितलं, "एका कंपनीनं झाडपाल्याची कॅप्सूल काढलीय. ती खरंच काम करते का ते आपल्याला बघायचंय. तुमच्यातल्या निम्म्यांना खरी कॅप्सूल मिळेल आणि निम्म्यांना तशीच दिसणारी कोरी. तिच्यात नुसतं मक्याचं पीठ. कुणाला कुठली, ते कॉम्प्युटर ठरवणार. संपेपर्यंत तुम्हालाही कळणार नाही आणि मलाही नाही. पायाचे व्यायाम मात्र सगळ्यांनाच शिकवणार."

"म्हंजी आमास्नी पीठ चारणार व्हय?" शालूबाईनं विचारलं.

"चारू दे की. पीठ काय इख हाय?" धोंडुबाई म्हणाली आणि तिनं सगळ्यांच्या आधी सही ठोकली.

महिनाभरात धोंडुबाईचे गुडघे हलके झाले. पायऱ्या चढताना टेकणं बंद झालं. शालूबाईला मात्र आराम पडला नाही, वर छातीत जळजळ सुरू झाली. मग धोंडुबाईनं आपल्या मनाशी निकाल लावून टाकला. आपल्याला खरी, शालीला पिठाची. पिठानंच जळजळत असणार.

आणि एकदा धोंडुबाईला एखादी गोष्ट पटली की ती डोंगराला पटवल्याशिवाय ती राहत नसे. नारळ घेणाऱ्याला नारळाबरोबर सल्ला मिळायला लागला. "गुडघं दुखत्यात? आवो, ती नवी कॅप्सूल येणार हाय बगा, ती खावा. मी पायऱ्या पळत चढतो आता!"

ही कीर्ती कंपनीपर्यंत पोचली. एके दिवशी कडक इस्त्रीच्या शर्टातला राजवर्धन नावाचा तरुण दुकानापुढं उभा राहिला. आपण कंपनीच्या जाहिरातीचं काम बघतो म्हणाला. "मावशी, तुमचा फोटो काढू का? लोकांना चार शब्द सांगा." धोंडुबाईनं पदर सारखा केला, गुलालाच्या राशीमागं ताठ बसली आणि असं हसली की शालूबाईनं तोंड फिरवलं.

पुढं सहा महिन्यांनी निशिगंधाचा कॅप्सूलवरचा अभ्यास संपला. कॅप्सूल बाजारात आली. निकालाचं मात्र नाव नाही. धोंडुबाईनं दोनदा फोन केला. निशिगंधा म्हणाली, "मावशी, आकडे आलेत, पण कंपनी म्हणते जरा थांबा. अजून तपासायचेत म्हणे."

"तपासू दे," धोंडुबाई म्हणाली. तिला कुठं घाई होती? तिचा निकाल तिच्याकडं होताच.

मग एका रविवारी निपाणीकडचा एक भाविक दुकानाशी थबकला. त्यानं खिशातून घडी घातलेलं पत्रक काढलं, एकदा पत्रकाकडं बघितलं, एकदा धोंडुबाईकडं. "अव्वा, ह्या तुमीच की!"

पत्रकावर गुलालामागं हसणारी धोंडुबाई होती. खाली मोठ्या अक्षरांत छापलं होतं: 'डॉक्टरांच्या देखरेखीखाली चाचणी. दहापैकी सहा जणांना आराम!' धोंडुबाईनं ते पत्रक मागून घेतलं, सगळ्या ओळीतल्या दुकानांना दाखवलं, शालूबाईला दोनदा दाखवलं आणि दुसऱ्या दिवशी सकाळच्या एसटीनं कोल्हापूर गाठलं. डॉक्टरीणबाईला आपला फोटो दाखवायला.

निशिगंधानं पत्रक वाचलं. मग उठून तिनं खोलीचं दार लावलं.

"मावशी, बसा. कुणाला काय मिळालं होतं ते आता उघड झालंय. तुम्हाला सांगायला हरकत नाही. तुमच्या वाट्याला कोरी आली होती."

"कोरी म्हंजी?"

"पिठाची."

धोंडुबाईनं पत्रक उलटं केलं, सुलटं केलं, आपल्याच चेहऱ्याकडं बघितलं. कान गरम झाले होते. किती जणांना सांगितलं आपण! दुकानाला नारळ पुरवणाऱ्या आकारामाला तर हट्टानं घ्यायला लावली होती.

"आन् शाली?" तिनं हळूच विचारलं.

"शालूबाईंना खरी होती."

"आता गं बया!" एवढंच ती म्हणाली. मग एकदम उसळली. "मग ह्ये दहातल्या सहाला आराम पडला, ती लबाडी हाय?"

"तीच तर गंमत आहे," निशिगंधा म्हणाली. "लबाडी नाही. खरी कॅप्सूल खाणाऱ्या दहातल्या सहांना बरं वाटलं. पण पीठ खाणाऱ्या दहातल्या सहांनाही बरं वाटलं. पत्रकात त्यांनी पहिलं वाक्य छापलं, दुसरं गाळलं."

धोंडुबाईनं बोटांवर हिशेब केला. "म्हंजी पिठानं जेवढं केलं, तेवढंच त्या औषदानं केलं."

"बरोबर."

"मग माजं गुडघं कशानं बरं झालं?"

"नक्की कुणालाच सांगता येणार नाही, मावशी. तुम्ही व्यायाम चुकवला नाहीत, त्यानं असेल. औषध मिळतंय म्हटल्यावर जिवाला बरं वाटतं, त्यानंही असेल. शिवाय माणूस दुखणं अगदी टोकाला गेलं की डॉक्टरकडं येतो. तिथनं ते आपसूकही थोडं उतरतंच. म्हणून तर निम्म्यांना पीठ द्यायचं. नाहीतर उतरलं त्याचं श्रेय औषध घेऊन जातं."

"आन् ह्ये आमास्नी कवा सांगणार हुता?"

निशिगंधानं खिडकीबाहेर बघितलं. कंपनीबरोबरच्या करारात तिनं आधीच लिहून घेतलं होतं की निकाल काहीही लागो, तो जाहीर करायचा हक्क तिचा. पण कंपनीनं थांबा म्हटलं आणि ती थांबली होती. पुढचा अभ्यास मिळेल न मिळेल, वरिष्ठ काय म्हणतील, असल्या विचारांत.

"कुणाची वाट बगताय, बाई?" धोंडुबाईनं विचारलं. आवाज चढवला नव्हता, तरी बाहेरच्या बाकावरचे पेशंट दाराकडं बघायला लागले. "आमी सा म्हयनं गोळ्या खाल्ल्या. रगात दिलं. आमी काय फोटूपुरतं हुतो?"

निशिगंधा हसली. कितीतरी दिवसांनी तिला मोकळं वाटत होतं. "नाही मावशी. या आठवड्यात करते."

डोंगरावर परत आल्यावर धोंडुबाई आधी शालूबाईपुढं जाऊन उभी राहिली आणि खरं ते सांगून टाकलं. शालूबाई इतकी हसली की तिला पाणी द्यावं लागलं. "लई पळत चढत हुतीस की पायऱ्या! पिठावर!"

"व्हय, पिठावर. हास, हास."

मग धोंडुबाईनं ते पत्रक दुकानाच्या फळीवर दर्शनी चिकटवलं आणि नवी हाक सुरू केली. "या पावणं, ह्यो फोटू बगा! ही बाई मी. आन् ह्या बाईनं ही कॅप्सूल कदीच खाल्ली न्हाय!" लोक थांबायला लागले. थांबले की नारळही घ्यायला लागले, पण ते तिनं मनावर घेतलं नाही.

आकारामाकडं ती मुद्दाम गेली. "बंद कर ती कॅप्सूल. माजं चुकलं."

आकाराम नारळाच्या पोत्यावरनं हललासुद्धा नाही. "तुजी पिठाची हुती. माजी अस्सल हाय. मला फरक पडलाय."

"अरं बाबा, मला बी पडलाय की! पिठानं!"

"मग तुला पीठ लागू पडलं, मला कॅप्सूल," आकाराम म्हणाला. चांगला अर्धा तास समजावून धोंडुबाई घसा बसवून परत आली. स्वतःच पेरलेलं उपटणं इतकं जड जाईल असं तिला वाटलं नव्हतं.

आठवड्यानं राजवर्धन धावत आला. शर्टाची इस्त्री तशीच, चेहरा मात्र उतरलेला. "मावशी, ते पत्रक काढा ना. वरून ओरडा बसतोय."

"तुज्या पत्रकावरनं तू माजं तोंड काढ. मग मी माज्या फळीवरनं तुजं पत्रक काढतो."

महिन्याभरात नवं पत्रक आलं. त्यावर धोंडुबाई नव्हती, पांढऱ्या मिशांचे कुणी आजोबा होते. 'दहापैकी सहा' मात्र होतंच. कॅप्सूल अजूनही विकली जाते.

निशिगंधानं शब्द पाळला. सगळे आकडे तिनं देशातल्या औषध-चाचण्यांची नोंद होते त्या सरकारी वेबसाईटवर चढवले, लेख लिहून डॉक्टरांच्या मासिकाकडं पाठवला आणि तो छापून आला तेव्हा स्वतः डोंगरावर येऊन शाळेच्या त्याच व्हरांड्यात सगळ्यांना बोलावलं. किती जणांना आराम पडला त्याच्या दोन उभ्या पट्ट्या तिनं भिंतीवर दाखवल्या, एक खऱ्या कॅप्सूलची, एक कोरीची. उंची जवळजवळ सारखीच. मागं बसलेल्यांनाही दिसलं.

"आणखी एक," ती म्हणाली. "खऱ्या कॅप्सूलवाल्यांत जळजळीचा त्रास जास्त जणांना झाला. तेही लिहिलंय."

शालूबाई उठून उभी राहिली. "माजी जळजळ बी लिवली?"

"लिहिली."

"छापली?"

"छापली."

शालूबाई चारी बाजूंना नजर फिरवत खाली बसली. आता हसायची पाळी कुणाची नव्हती. तिच्या जळजळीला सहा महिने ओळीतल्या दुकानांत कुणी विचारलं नव्हतं, धोंडुबाईनं तर पिठाच्या खात्यावर टाकली होती.

धोंडुबाई त्या छापील कागदांवरून बोट फिरवत होती. "ह्यात आमची नावं कुठं हाइत?"

"नावं छापायची नसतात, मावशी. तसा नियम आहे."

"ह्ये बरं हाय! अर्दंच सांगणाऱ्या पत्रकावर माजा फोटू, आन् खऱ्या कागदावर नाव बी न्हाय?"

सगळा व्हरांडा हसला. निशिगंधानं शेवटचं पान उलटलं आणि इंग्रजीतली एक ओळ मराठीत वाचून दाखवली. "ज्यांनी या अभ्यासात भाग घेतला, त्या सर्वांचे आम्ही ऋणी आहोत."

"त्यात मी आलो न्हवं?"

"आलात की."

धोंडुबाईनं कागदाची नीट घडी घातली आणि शेजारी वळून बघितलं. "तू बी आलीस गं त्यात," ती शालूबाईला म्हणाली, "पर माज्या मागनं."