चिखल्याच्या वाळूत क्रिकेट

ऐंशीच्या दशकातली गोष्ट. नोव्हाय गावाहून आम्ही चार मराठी कुटुंबं लेक मिशिगनवर पिकनिकला गेलो होतो. मी पहाटे उठून बटाटेवडे तळले, आणि पुरुषांना घाई कसली, तर क्रिकेटची! वाळूचा एक छान सपाट तुकडा काठ्या रोवून, दोरी लावून बंद केलेला होता. दुर्मीळ पक्ष्यांची घरटी आहेत, आत येऊ नये, अशी भलीमोठी पाटी होती. सगळ्यांनी वाचली.

"अहो, नको," मी म्हटलं.

"काहीतरीच तुझं! कुठं दिसतोय पक्षी?" म्हणत नवऱ्यानं तीन काठ्या उपटल्या. स्टंप म्हणून! मग मीही हसले आणि वडे वाढायला बसले.

खेळ रंगात आला आणि वाळूच्याच रंगाचा एक चिमुकला चिखल्या पक्षी पंख फरफटत, केविलवाणा ओरडत पुढ्यात आला. आमच्यातले हाडांचे डॉक्टर "अरे, फ्रॅक्चर आहे यार!" म्हणत मागे धावले. ते वाकले की तो आणखी पुढं सरके. आम्ही पोट धरून हसत होतो. त्यांना बरंच लांब नेऊन तो भुर्रकन उडाला.

तेवढ्यात गळ्यात दुर्बीण अडकवलेली एक म्हातारी गोरी बाई हात वर करून धावत आली. "जागचे हलू नका!" घरट्याची राखण करणारी ती, जरा जेवायला गेली होती. बोलर जिथून धावत येत होता तिथं तिनं गुडघे टेकले. उघड्या वाळूत चार ठिपकेदार अंडी होती. दोन बुटाखाली फुटलेली.

ती रडत भराभर सांगत होती. पंख मोडल्याचं ते सोंग होतं, आम्हाला अंड्यांपासून दूर न्यायला. हे पक्षी दक्षिणेच्या समुद्रावरून इतक्या लांब येतात, आणि लेकच्या या किनाऱ्यावर उरलेलं हे एकच घरटं. आम्ही सगळे खाली मान घालून गप्प. शरमेनं मेल्याहून मेल्यासारखं झालं होतं मला.

तिला वाटलं, आम्हाला काही कळतच नाहीये. माझ्या साडीकडं बघून तिनं एकेक शब्द सुटा करत विचारलं, "तुम्हाला... इंग्लिश... वाचता येतं?"

माझ्या इंजिनिअर नवऱ्यानं मान हलवली. नाही.

"मग तुमचा काय दोष," म्हणत तिनं माझा खांदा थोपटला.

मी इंग्लिश घेऊन एम.ए. केलंय. त्या बाईला मी साधं सॉरीसुद्धा म्हटलं नाही.