एकोणीस नंबरचा दगड

लवू परब यांचं नाव रस्त्याच्या सरकारी रजिस्टरात एकदाच आलं, आणि ते मी माझ्या हाताने लिहिलं. त्या ओळीची मला आजही चीड येते. साहेबाची येते, ऑफिसची येते, आणि सगळ्यात जास्त माझी स्वतःची येते.

साल चौऱ्याऐंशी. अंधेरीला आमचं रस्त्याचं ऑफिस होतं. पत्र्याचं छप्पर, दोन पंखे, त्यातला एक साहेबांच्या डोक्यावर आणि दुसरा बंद. मी तिथे ज्युनियर क्लार्क. वांद्र्यापासून दहिसरपर्यंतचा हायवे आमच्याकडे. वरून हुकूम आला की या रस्त्याचं एक रजिस्टर तयार करा. रस्ता कुठून कुठे जातो, कुठे कुठले फाटे बाहेर पडतात, मधल्या पट्टीत पलीकडे जायला किती कट आहेत, रस्त्याखालच्या मोऱ्या किती, आणि शेवटी दोन पानं रस्त्याचा इतिहास. खाली एक ओळ होती: रजिस्टरात ज्या कटांसमोर ‘ठेवणे’ असं लिहिलं असेल तेवढेच उघडे राहतील, बाकीचे लोखंडी कठडा घालून बंद होतील. मुदत तीन महिन्यांची होती. आमच्या साहेबांनी त्यातले अडीच महिने फाइलवर चहाचा कप ठेवण्यात घालवले, आणि मग घाईघाईने लवूकाकांना बोलावलं.

लवूकाका रस्त्यावरच्या मजुरांच्या गँगचे मुकादम. गाव कुडाळकडचं, वय छप्पन्न, खाकी अर्धी चड्डी आणि डोक्यावर कायम गांधी टोपी. हा रस्ता बांधला जात होता तेव्हा ते घमेलं उचलायला आले आणि इथलेच झाले. रस्ता तयार झाला तसे इंजिनिअर बदलले, कंत्राटदार गब्बर झाले, लवूकाका मात्र पंचवीस वर्षं त्याच रस्त्याचे खड्डे बुजवत राहिले. कांदिवलीच्या पूर्वेला टेकडीच्या पायथ्याशी गँगच्या लोकांनी झोपड्या बांधल्या होत्या, त्या पाड्यात ते आणि त्यांची बायको अंजनाबाई राहायचे. साहेब त्यांना “ए लवू” म्हणायचे. साहेबांचं वय तेव्हा एकतीस होतं.

“याच्याबरोबर जा आणि लिहून आण,” साहेब मला म्हणाले. “मी नंतर चेक करतो.”

रस्ता मोजायला ऑफिसात चांगली टेप होती, पण ती साहेबांच्या मेहुण्याच्या प्लॉटवर गेली होती. जीप होती, पण तिचा मीटर तीन वर्षं मेलेला. लवूकाकांनी आपली सायकल काढली. पुढच्या चाकाच्या एका तारेला लाल चिंधी बांधली. चाकाचा एक फेरा किती, ते त्यांनी आधी पक्कं मोजून ठेवलं होतं. चिंधी वर आली की एक. शंभर झाले की डाव्या खिशातला एक चिंचोका उजव्या खिशात. सायकल हातात धरून, तोंडाने पुटपुटत, ते वांद्र्याहून निघाले. मी वही घेऊन मागे.

सहा दिवस चाललो आम्ही. मी पार्ल्याला जन्मलेला, तरी या रस्त्याचं मला काडीचं माहीत नव्हतं. पार्ल्याचा फाटा, अंधेरीचा फाटा, जोगेश्वरीला गुंफेकडे वळतो तो, गोरेगावला दुधाच्या गाड्या बाहेर पडतात तो. प्रत्येक ठिकाणी काका थांबायचे, आकडा सांगायचे आणि मग तिथे आधी काय होतं ते सांगायचे. इथे भाताची खाचरं होती. इथे खडी फोडायची मशीन होती, तिच्या धुळीने गँगमधले चौघे खोकून मेले. ही मोरी दोनदा बांधली, कारण पहिल्यांदा सिमेंट दुसरीकडेच गेलं. मी सगळं लिहून घेत होतो.

“अक्षर बरा आसा तुझा,” ते एकदा वहीत डोकावून म्हणाले. “माझा नाव तसला कोणी लिवूक नाय.”

पाचव्या दिवशी कांदिवली ओलांडताना पाड्यासमोरचा कट आला. उजव्या हाताला उंबराचं झाड आणि पाड्याची पायवाट, डाव्या हाताला म्युनिसिपालटीचा नळ. पाड्यात पाणी नव्हतं. शंभर घरांतल्या बाया सकाळ-संध्याकाळ हंडे घेऊन त्या कटमधून पलीकडे जायच्या आणि भरलेले हंडे घेऊन परत यायच्या. अंजनाबाई तेव्हा तिथेच होत्या, डोक्यावर दोन आणि कमरेवर एक. काकांनी आकडा सांगितला: अठरा किलोमीटर सहाशे मीटर. मी लिहिला. पुढे त्यांनीच सांगितलं, “ह्याच्याम्होरां ‘ठेवणे’ लिव. विसरा नको.” मी तेही लिहिलं.

उंबराखाली एक शेंदूर फासलेला दगड होता. मी पायवाटेच्या बाजूने पाहिला, हात जोडले आणि पुढे झालो. त्याला वळसा घालून रस्त्याच्या बाजूने मी पाहिलं असतं, तर पुढचं काहीच घडलं नसतं.

तिथून चारशे मीटरवर बाटल्यांच्या कारखान्याचं गेट होतं. तिथे काकांनी सायकल उभी केली आणि टोपी काढली. “एकोणीस पुरे. हय धोंडू मेलो. रोलराखाली. बावीस वर्साचो होतो, माझ्याच गावचो. इतिहास लिवतलात मां तुमी? मगे ह्या लिव.”

मी लिहिलं. धोंडू, गाव, वय, रोलर. साहेबांनी ते पान पाहिलं आणि हसले. “इतिहास म्हणजे उद्‌घाटनाची तारीख, पाहुण्यांची नावं, खर्च. मजूर काय, कुठेही मरतात.” आणि त्यांनी सरळ काट मारली. मी समोर उभा होतो. पुढचं पान त्यांच्यासमोर ठेवलं.

मग साहेब ‘चेक’ करायला निघाले. जीपमधून, काच वर करून. पाड्याच्या कटपाशी त्यांनी जीप थांबवली, कारण उंबराखालच्या त्या शेंदरी दगडाची रस्त्याकडची बाजू त्यांना दिसली. ती चुन्याने लख्ख रंगवलेली होती आणि तिच्यावर काळ्या अक्षरात १९ लिहिलेलं होतं. तो किलोमीटरचा दगड होता. वहीत लवूकाकांचा आकडा होता १८/६००. साहेबांना गड जिंकल्याचा आनंद झाला. जीपमध्ये बसल्या बसल्या त्यांनी तो आकडा लाल शाईने खोडला, बाजूला सही ठोकली आणि वर लिहिलं: १९/०००.

दुसऱ्या दिवशी साहेबांनी सगळ्या स्टाफसमोर काकांची हजेरी घेतली.

“चारशे मीटरचा फरक, लवू. काय पिऊन मोजतोस काय?”

“दगड चुकीचो आसा, साहेब.”

“सरकारी दगड चुकीचा आणि तुझी सायकल बरोबर? कशावरून?”

काकांनी टोपी पुढे ओढली. सगळे हसले. मीही ओठ दाबून हसलो असेन, आता नाही म्हणण्यात अर्थ नाही. साहेबांनी सांगितल्याप्रमाणे पक्क्या रजिस्टरात मी लिहिलं: किलोमीटर १९/०००, कट, ठेवणे, उजवीकडे उंबर व पाड्याची वाट, डावीकडे नळ.

महिनाभराने कठड्याचं काम सुरू झालं. कंत्राटदाराच्या माणसांनी अठराच्या दगडापासून नीट टेप टाकली. हजार मीटर भरले तिथे कारखान्याचं गेट आलं. रजिस्टरात १९ ला कट ठेवायचा होता, तिथे तो नव्हता, तर त्यांनी मधली पट्टी फोडून केला. कारखान्याच्या मालकाने पेढे वाटले. आणि १८/६०० ला रजिस्टरात काहीच नव्हतं, म्हणून पाड्यासमोरचा कट त्यांनी छातीएवढ्या लोखंडी कठड्याने बंद केला. उंबर, नळ आणि उंबराखालच्या दगडावरचा १९ त्यांना दिसत नव्हते असं नाही. पण कागदावर आकडा होता आणि हातात टेप होती ना, मग डोळ्यांची गरज कोणाला?

कारखान्याच्या कटपर्यंत जाऊन परत यायचं म्हणजे एका खेपेला जाता-येता मिळून दीड किलोमीटर, त्यातलं अर्धं डोक्यावर पाणी घेऊन. बाया कठड्यावरून चढायला लागल्या. एक वर चढायची, दुसरी खालून हंडा द्यायची, बाजूने ट्रक हॉर्न मारत जायचे. नवव्या दिवशी अंजनाबाई वरून पडल्या. हात कोपरात मोडला. ट्रकवाल्याने ब्रेक मारला म्हणून तेवढ्यावर निभावलं.

मी त्यांना बघायला पाड्यात गेलो. अंजनाबाई प्लास्टरचा हात मांडीवर घेऊन बसल्या होत्या. “ह्यांचो रस्तो,” एवढंच त्या म्हणाल्या आणि तोंड फिरवलं.

काकांनी मला उंबराखाली नेलं आणि तेव्हा सगळं सांगितलं. धोंडू मेला त्या जागी एकोणीसचा दगड होता. गँगवाल्यांनी त्याच्या पाठीला शेंदूर लावला. दर दिवाळीला तोंडाला चुना, पाठीला शेंदूर, आणि एक नारळ. पुढे रस्ता रुंद करताना कंत्राटदाराने तो दगड उपटून गटारात फेकला. जागा दोन वर्षं खणलेलीच होती.

“धोंडूक गटारात ठेवूचो काय? म्हणान हय उंबराखाली आणून बसवलय, ह्याच हातांनी. मगे कोणी इचारला नाय, मी सांगूक नाय.”

“मग हे साहेबांना लेखी द्या, काका.”

“लिवून दिलंय तर नोकरी जातली. सरकारी दगड हलवलय मी. पेन्शनीक चवदा म्हयने रवलेत.” त्यांनी चुन्यावरच्या त्या काळ्या आकड्यावर हात ठेवला. “दगडार लिवलेला ता खरा, नि मी चललय ता खोटा. बरा तर.”

माझ्या वडिलांची मिल संपात बंद पडली होती, घर माझ्या पगारावर चालत होतं. म्हणून मीही साहेबांना काही सांगितलं नाही. हे कारण मी स्वतःला पुष्कळदा सांगून पाहिलं आहे, पटत नाही.

वरचे मोठे साहेब रजिस्टर तपासायला येणार होते; त्याआधी दगड मूळ जागी गेला, तर रजिस्टरातली चूक उघडी पडणार होती आणि दगड हलवल्याचा आळही येणार नव्हता. नंतरच्या मंगळवारी भर दुपारी लवूकाकांनी गँग घेतली. दोन्ही बाजूंना लाल झेंडे लावले, पहारी घेतल्या, हातगाडी आणली. रस्त्यावर खाकी चड्डीतली माणसं भर उन्हात काही खणत असली, तर या शहरात त्यांना कोणी विचारत नाही. दगड उपटण्याआधी काकांनी त्याच्यासमोर पानाचा विडा आणि नारळ ठेवला, टोपी नीट केली आणि गाऱ्हाणं घातलं.

“बा देवा म्हाराजा, धोंडू, आज तुका तुझ्या मूळच्या जाग्यार न्हेतंव. आमचा काय चुकला-माकला तर पोटात घाल, आणि ह्या बायांची वाट मोकळी कर रे म्हाराजा.”

“व्हय म्हाराजा,” गँग म्हणाली. मी पलीकडे नळापाशी उभा होतो, मीही म्हणालो.

पंधरा दिवसांनी मोठे साहेब रजिस्टर तपासायला आले. हा माणूस जीपमधून उतरून चालणारा निघाला, नशीब आमचं. कारखान्यासमोर एकोणीसच्या दगडापाशी थांबून त्यांनी रजिस्टर उघडलं आणि मोठ्याने वाचलं. मग मान वर केली.

“उंबर कुठाय? नळ कुठाय?”

आमचे साहेब जीपकडे बघायला लागले. मोठ्या साहेबांनी टेप टाकायला लावली. अठरापासून दगडापर्यंत बरोबर हजार मीटर भरले. उंबर निघाला सहाशेवर. कठड्याशी तेव्हा दोन बाया हंडा वरून देत होत्या, ते त्यांनी उभं राहून पाहिलं.

“हा घोळ कोणाचा?”

“मुकादमाच्या मोजणीचा, सर,” आमचे साहेब म्हणाले. पापणीसुद्धा लवली नाही.

लवूकाका तिथेच होते. त्यांनी माझ्याकडे एकदा पाहिलं. माझ्या काखेत फाइल होती. त्या फाइलीत माझ्या अक्षरातलं कच्चं पान होतं: १८/६००, आणि त्याच्यावर साहेबांच्या सहीची लाल काट. दगड आता जागेवर होता, काकांना कसली भीती नव्हती. मला फक्त फाइल उघडायची होती. मी ती काखेत आणखी घट्ट धरली.

दोन दिवसांत पाड्यासमोरचा कठडा निघाला आणि बाया पुन्हा सरळ चालत नळावर जाऊ लागल्या. काकांना लेखी ताकीद मिळाली. रजिस्टरच्या शेवटी, उद्‌घाटनाची तारीख आणि पाहुण्यांची नावं यांच्या खाली, साहेबांनी मला एक ओळ लिहायला सांगितली: ‘मुकादम लवू परब याच्या मोजणीतील चुकीमुळे कट क्र. ३१ चे स्थान चुकीचे नोंदले गेले होते, ते दुरुस्त केले आहे.’ मी लिहिली. सुवाच्य अक्षरात, खाली रेघ मारून.

काका निवृत्त झाले त्या दिवशी चहाच्या वेळी ते माझ्या टेबलापाशी आले आणि म्हणाले, “ता रजिस्टर झाला मां? माका वाचून दाखव.”

मी टाळत होतो, पण ते स्टूल ओढून बसले. मी फाटे वाचले, मोऱ्या वाचल्या, इतिहास वाचला, आणि शेवटी ती ओळ वाचली. मला वाटलं, आता हा माणूस मला शिव्या घालेल, आणि घातल्या असत्या तर बरं झालं असतं. 

“धोंडूचा नाव खय आसा?” त्यांनी विचारलं.

“नाही, काका.”

त्यांनी रजिस्टर आपल्याकडे फिरवलं आणि माझ्या त्या सुवाच्य ओळीवरून बोट फिरवलं.

“अक्षर बरा आसा तुझा,” ते म्हणाले, आणि सायकल घेऊन घरी गेले.