प्याद्याची मात आणि काचेचं कपाट

पेला घरी यायच्या आधीच मी त्याच्यासाठी कपाट करून घेतलं होतं, यावरून माझ्या दूरदृष्टीची कल्पना यावी.

मी तेव्हा बेळगावात मास्तर होतो आणि आमच्या भागातला बुद्धिबळाचा अजिंक्यवीर. हा भाग निपाणीला सुरू होऊन गुंजीच्या स्टेशनाशी संपायचा. त्यात मन लावून खेळणारे नऊजण, पैकी दोघांना मोतीबिंदू. ही माहिती मी कुणाला आपणहून देत नसे. सलग तीन वर्षं जिंकेल त्याला चांदीचा पेला कायमचा, असा बुद्धिबळ मंडळाचा नियम. मी दोनदा जिंकलो होतो. म्हणून खासबागेतल्या सुताराला गाठून सागवानी कपाट केलं, पुढे काच लावलेलं.

"अगोदर पेला तर येऊ दे," बायको म्हणाली. मी नुसता हसलो.

तिसऱ्या वर्षीचा शेवटचा डाव निपाणीत, देवळाच्या मंडपात. समोर तंबाखूच्या वखारीत वजनं करणारे एक अण्णा. बोटं तपकिरी, डोळे अर्धे मिटलेले. निघताना मी शाळेत सगळ्यांसमोर सांगून आलो होतो, "नुसती मात नव्हे, प्याद्यानं मात करून येतो." वजिरानं, हत्तीनं काय, कुणीही मात करतो. प्याद्यानं मात झालेला माणूस मात्र आठवडाभर बाजारात तोंड दाखवत नसे.

आमच्या देशी खेळात एक खोच होती. समोरच्याची सगळी मोहरी मारलीत आणि राजा एकटा उरला, की ती बुर्जी, डाव बरोबरीत. तेव्हा जिंकायचं असेल तर शत्रूचं एक तरी प्यादं जिवंत ठेवावं लागे.

दुपारपर्यंत अण्णांकडे राजा आणि एकच प्यादं उरलं. अण्णा ते खुशाल माझ्या हत्तीच्या तोंडी देत आणि मी हत्ती बाजूला घेई. त्या प्याद्याला मी जेवढं जपलं, तेवढं माझ्या वर्गातल्या एकाही पोराला जपलं नसेल.

शेवटी हत्तीच्या एका चालीत मात दिसू लागली. साऱ्या मंडपाला दिसली.

"ब्याड री मास्तर, लांबवू नका! हत्तीनं संपवा!" मागून कुणीतरी ओरडलं.

"प्याद्यानं," मी मान वळवून म्हणालो, आणि माझं प्यादं एक घर पुढे केलं. पुढच्या चालीला मात ठरलेलीच होती.

अण्णांनीही आपलं प्यादं एक घर पुढे केलं. "शह, मास्तर."

मी माझ्या राजाकडे पाहिलं. त्याला धक्का लागू नये म्हणून त्याच्याभोवती मी आपलीच मोहरी दाटीनं बसवली होती. पळायला एक घर मोकळं नव्हतं. वाचायचं तर शह देणारं ते प्यादं मारायचं, आणि मारलं की बुर्जी.

"मारा की," अण्णा म्हणाले. "सकाळपास्नं जपलासा, आता तुमच्याच हातानं मारा."

"अण्णा, दुसरी चाल असेल हो."

"असंल तर बघा. मला न्हाय घाई. वखार आज बंद हाय."

मी अर्धा तास बघितलं. मग मारलं. "बुर्जी!" म्हणून मंडप असा उठला, की जणू निपाणीनंच पेला जिंकला. पेला गेला मंडळाच्या ट्रंकेत, आणि माझी दोन वर्षं नियमाप्रमाणे पुसली गेली.

"न्हाय तुमाला, न्हाय मला," अण्णा तंबाखू मळत म्हणाले. "पर डाव लई झ्याक झाला बघा."

घरी बायकोनं विचारलं, "हरलात?"

"नाही."

"मग जिंकलात?"

"नाही."

"मग दोन दिवस तिथं करत काय होतात?"

कपाटात तिनं लोणच्याच्या बरण्या मांडल्या. काचेमुळे लोणचं किती उरलं ते ओट्यापासून दिसतं, असं ती आल्यागेल्याला कौतुकानं सांगते, आणि कपाट कशासाठी केलं होतं, हेही.