ग्रंथालयाचं पेज आणि माझे नातेवाईक

अमरावतीच्या एका महाविद्यालयात मी ग्रंथपाल आहे. तपासणी समिती येणार म्हणून प्राचार्यांनी मला बोलावून सांगितलं, "ग्रंथालयाचं सोशल मीडियावर पेज पाहिजे. फॉलोअर भरपूर पाहिजेत. आणि तुमचं खासगी त्यात मिसळू नका."

पेज काढायला खातं लागतं, ते माझंच होतं. विद्यार्थ्यांना विनंत्या पाठवल्या. पण आपले फोटो ग्रंथपाल मॅडमनी बघावेत असं कोणाला वाटेल? दोन आठवड्यांत अकरा जण जमले, त्यांतले चार आमचे शिपाई आणि कारकून. मग मी माहेर कामाला लावलं. अकोल्यातले मामा, मावश्या, काकू, चुलत भाऊ, वहिनीचं अख्खं गणगोत. एका रविवारात पेज भरून गेलं.

नवीन पुस्तकांचा फोटो टाकला की खाली मावशी लिहायची, 'वाळलीस गं.' भौतिकशास्त्राच्या संदर्भग्रंथावर मामांनी हात जोडले होते. समितीच्या अध्यक्षांनी ते सगळं भिंतीवरच्या पडद्यावर पाहिलं आणि अहवालात लिहिलं, 'ग्रंथालयाचे समाजाशी जिव्हाळ्याचे नाते.' प्राचार्यांनी सत्कार घेतला. मला शाल धरून बाजूला उभं राहायला सांगितलं होतं.

त्यानंतर आठवड्यानं अकोल्याहून काकू आली. हातात कापडी पिशवी. घरामागच्या कडुनिंबावर कुठलंसं पाखरू घरटं करत होतं, त्याचं नाव तिला हवं होतं. पेजवर तिनं पक्ष्यांवरचं जाड पुस्तक पाहिलं होतं. एवढ्या फॉलोअरांमधून पुस्तक मागायला आलेली ही पहिलीच.

पुस्तक मात्र काचेच्या कपाटात आणि किल्ली प्राचार्यांकडे. समितीला दाखवायची म्हणून ती पुस्तकं कुलपात गेली ती तिथंच राहिली. मी काकूला घेऊन प्राचार्यांच्या खोलीत गेले.

"त्या फॉलोअर आहेत," प्राचार्य मला म्हणाले. "सभासद नाहीत. बाहेरच्यांना पुस्तक देता येत नाही."

काकू शांतपणे म्हणाली, "मंग फोटो काहून टाकून राहिले, साहेब? पेजवर दाखवता अन् हातात देत नाई. मी काय फोटो पाहाले आली का अकोल्याऊन?"

प्राचार्यांनी किल्ली काढून टेबलावर ठेवली. मी पुस्तक माझ्या नावावर लिहून काकूला दिलं. मला मनातून फार बरं वाटलं, आणि थोडी लाजही वाटली. कुलूप काढा, असं मी आपणहून एकदाही म्हटलं नव्हतं.

महिन्याभरानं पुस्तक परत आलं. त्याच दिवशी पेजवर काकूची टिप्पणी दिसली: 'पुस्तक चांगलं हाये. पानं एकमेकाले चिकटूनच होती, ब्लेडनं कापून वाचली. पाखरू सापडलं.'

प्राचार्यांचा लगेच फोन. "ते काढून टाका. आपण पुस्तकं वाचत नाही असा अर्थ निघतो."

"निघतो, सर," मी म्हटलं. टिप्पणी काढली नाही.

दोन दिवसांत पेजचं काम संगणक विभागाकडे गेलं. तिथं आता जयंत्या, पुण्यतिथ्या आणि फुलांच्या चित्रांसह सुप्रभात एवढंच येतं. प्राचार्य रोज स्वतः त्याला लाइकचा अंगठा देतात. काकूनं मात्र फोन करून विचारलं, "तू आजारी हायेस का? पेजवर पुस्तकं दिसत नाई आता."

खरं काय ते मी तिला सांगितलं. ती बराच वेळ हसत राहिली.