पाचव्या ‘का’चा रकाना

सुरेंद्र ओव्हाळांच्या खिशात एक छोटी डायरी असते. तिच्यात फोन नंबर नाहीत, वाढदिवस नाहीत. विचार न करता माणसाकडून जे घडतं, त्यासाठीचे इंग्रजी शब्द आहेत. रिफ्लेक्स, इन्स्टिंक्टिव्ह, इनव्हॉलंटरी, ऑटोमॅटिक, मेकॅनिकल, नी-जर्क, असे एकूण एकोणीस. दहावी झालेल्या, सत्तावन्न वर्षांच्या माणसाला हे कशाला हवेत, ते मला बरीच वर्षं कळलं नव्हतं. मी त्याच कंपनीत, चाकणला, क्वालिटीत आहे. कासारवाडीला आम्ही एकाच बसमध्ये चढतो आणि ते खिडकी कुणाला देत नाहीत, त्यामुळे मी मुद्दाम विचारायलाही गेलो नव्हतो.

आमची कंपनी पत्रा दाबून गाड्यांचे सुटे भाग करते. ओव्हाळ सेफ्टीत आहेत. नव्यांना प्रेसवर काम शिकवायचं आणि काही बिघडलं की इंग्रजीत रिपोर्ट लिहायचा, ही त्यांची दोन कामं. रिपोर्ट हेड ऑफिसला जातो. तिथल्या लोकांनी आमच्या कामगारांचे चेहरे पाहिलेले नाहीत, ते शब्द पाहतात. ‘केअरलेस’ लिहिलं की कामगाराला पत्र मिळतं. ‘मेकॅनिकल’ लिहिलं की मशीन तपासायला एक साहेब येतो आणि तीन दिवस कँटीनच्या जेवणाला नावं ठेवत जेवतो. ‘नी-जर्क’ ओव्हाळांनी एकदाच वापरला. कामगाराच्या गुडघ्याचा एक्स-रे पाठवा, असं उत्तर आलं. सगळ्यांत गुणी शब्द ‘रिफ्लेक्स’. हात गेला, कुणी पाठवला नव्हता, एवढंच तो सांगतो आणि कुणा कायम कामगाराची नोकरी जात नाही.

ओव्हाळांच्या उजव्या तर्जनीचं वरचं पेर नाही. शहाण्णव साली भोसरीच्या एका वर्कशॉपमध्ये, पायडलवर चालणाऱ्या प्रेसखाली ते गेलं. तिथे पत्रा साच्यात सरळ बसावा म्हणून त्यावर दोन बोटांनी टपटप करायची आणि मग पायडल दाबायचं, अशी सगळ्यांचीच पद्धत होती. त्या वेळच्या इंग्रजी रिपोर्टवर त्यांनी सही केली. त्यात काय लिहिलंय ते त्यांना दोन दिवसांनी औषधाच्या दुकानदाराने वाचून सांगितलं. ‘केअरलेस’ लिहिलं होतं. डायरी त्याच आठवड्यातली आहे.

गेल्या मार्चमध्ये पिंकीचं प्रकरण झालं. पिंकी चिखलीहून येते, तेव्हा कंत्राटी होती, आणि पंधरा दिवसांत कायम होणाऱ्यांच्या यादीत तिचं नाव होतं. आमच्या नव्या प्रेसला दोन बटणं आहेत, दोन्ही हातांनी दाबायची. समोर न दिसणाऱ्या किरणांचा पडदा आहे. हात आत गेला की प्रेस जागच्या जागी थांबतो. पिंकीने बटणं दाबली, पत्रा वाकडा दिसला, आणि तिचा हात आत गेला. प्रेस थांबला. तिला ओरखडाही आला नाही. पण लाइन चाळीस मिनिटं बंद पडली आणि त्याची नोंद थेट हेड ऑफिसला गेली. असं झालं की कंत्राटी माणसाचं नाव यादीतून कटतं, हे कारखान्यात सगळ्यांना माहीत आहे.

एरवी ओव्हाळांनी ‘रिफ्लेक्स’ लिहून मोकळं केलं असतं. पण यंदा फॉर्म बदलला होता. पाच रकाने, प्रत्येकावर एकच प्रश्न, का? पहिल्याचं जे उत्तर, त्यालाच दुसऱ्यात विचारायचं का. पाचही भरल्याशिवाय कॉम्प्युटर फॉर्म पुढे घेत नाही.

त्यांनी पिंकीला बोलावलं. मी साक्षीदार म्हणून सही करायला बसलो होतो.

“हात का घातलास?”

“मी नाही घातला काका. गेला.”

“ट्रेनिंगला मी काय सांगितलं होतं?”

“हात आत घालायचा नाही.”

“मग?”

पिंकी जरा घुटमळली. “तुम्ही सांगत होता तेव्हा तुमचा हात पत्र्यावर टपटप करत होता. मला वाटलं, तसंच करायचं असतं.”

ओव्हाळ उठले. मला घेऊन ट्रेनिंग रूममध्ये गेले. तिथे शिकवण्यापुरता एक जुना, मोटर काढलेला प्रेस आहे. त्यासमोर उभं राहून त्यांनी नेहमीचं भाषण सुरू केलं. हात आत घालायचा नाही, कुठल्याही परिस्थितीत नाही. दुसऱ्या वाक्याला त्यांचा उजवा हात उठला, आत गेला, आणि दीड बोटाने पत्र्यावर टपटप करून बाहेर आला. त्यांनी हाताकडे पाहिलं. मग खुर्चीवर बसून बराच वेळ पाणी पीत राहिले.

रकाने भरायला घेतले. हात का गेला? सवयीने. सवय का लागली? ट्रेनिंगला पाहिलं म्हणून. तसं का दिसलं? शिकवणारा हात घालतो म्हणून. शिकवणारा का घालतो? अठ्ठावीस वर्षांपूर्वी त्याचा हात तसा वळलाय म्हणून. तो त्याने इतक्या वर्षांत सुधारला का नाही? हा पाचवा. इथे ओव्हाळांनी डायरी काढली.

“रिफ्लेक्स लिहा ना राव,” मी म्हटलं. ऑक्टोबरमध्ये त्यांना अठ्ठावन्न पुरी होणार होती. रेकॉर्ड स्वच्छ असलं की कंपनी आणखी दोन वर्षं ठेवते.

“रिफ्लेक्स म्हटलं की दोष कुणाचाच नाही,” ते म्हणाले. “आणि कुणाचाच नसला की तो कंत्राटीवर जातो.”

त्यांनी डायरी मिटली आणि त्या रकान्यात ‘केअरलेस’ लिहिलं. तो शब्द डायरीत नव्हताच. मला त्या क्षणी त्यांचा राग आला, आणि खिडकीच्या जागेवरून आजवर जो केला होता त्याची लाजही वाटली.

पिंकी ठरलेल्या तारखेला कायम झाली. ओव्हाळांच्या नावचं पत्र घेऊन एचआरचा सलिल आला. त्यांनी न वाचताच सही केली.

“काका, वाचून तरी घ्या,” सलिल म्हणाला.

“ओळखीचं आहे,” ओव्हाळ म्हणाले.

मिळणारी वाढीव दोन वर्षं हातची गेली. ऑक्टोबरपर्यंत मात्र शिकवणं त्यांच्याकडेच आहे, आणि ते आता उजवा हात पँटच्या खिशात कोंबून शिकवतात. परवा मी ट्रेनिंग रूममध्ये डोकावलो. नवी बॅच होती, अकरा जणांची. अकराच्या अकरा जण उजवा हात खिशात घालून उभे होते.