दुसऱ्याच्या घरचं प्रमाण

परळच्या एका ऑफिसात बसून मी कंपन्यांसाठी ब्लॉग लिहिते. गच्चीला वॉटरप्रूफिंग का करावं, लिफ्टची देखभाल का टाळू नये, चांगल्या खुर्चीने पाठ कशी वाचते. बारा वर्षं हेच चाललंय. हे लेख कोणी वाचत नाही. पैसे देणारे वाचत नाहीत, तपासणारे वाचत नाहीत आणि खरं सांगायचं तर लिहिताना मीसुद्धा वाचत नाही. एकाचं नाव काढून दुसऱ्याचं घातलं तरी काही बिघडत नाही. एकदा चुकून तसं झालंही, आणि कोणाच्या लक्षात आलं नाही.

माझ्या वडिलांचं लालबागला मिरची-मसाल्याचं छोटं दुकान आहे. होळी झाली की पावसाआधीपर्यंत वर्षभराच्या मसाल्याची गर्दी. बायका मिरच्या आणि खडा मसाला घेतात, निवडून, वाळवून, भाजून पलीकडच्या गल्लीतल्या डंखाच्या गिरणीत कुटून नेतात. निदान न्यायच्या. आता तयार पाकीट घरपोच येतं, आणि भर एप्रिलच्या दुपारी बाबा गल्ल्यावर पेपरातलं कोडं सोडवत बसलेले दिसतात. मला ते बघवेना. दुनियाभरच्या खुर्च्यांवर लिहितेस, मग बापाच्या दुकानावर लिहायला काय झालं, असं मीच मला म्हटलं आणि दुकानाचा ब्लॉग सुरू केला.

बाबांना विचारलं तेव्हा ते म्हणाले, "लिही की. पण वाचणार कोण?"

पहिले आठ-दहा लेख मी सवयीने लिहिले. घरगुती मसाल्याचे फायदे, चांगली मिरची कशी ओळखावी, वगैरे. सगळं खरं होतं, आणि सगळं मेलेलं होतं. बेडगीने रंग येतो हे लालबागला येणाऱ्या बाईला मी काय सांगणार? बाबांनी चष्मा लावून एक लेख वाचला आणि विचारलं, "हे आपल्या दुकानाबद्दल आहे होय?" मला इतका राग आला की दोन दिवस मी त्यांच्याशी धड बोलले नाही. राग आला, कारण ते बरोबर होते.

मग मी रविवारी दुकानात बसायला लागले. बाबा गिऱ्हाइकाशी काय बोलतात ते ऐकायचं आणि तेच लिहायचं, असं ठरवलं. ते एका बाईला म्हणाले, "ही मिरची आज घेऊ नका, ओलसर आहे, आठवड्याने या." मी हे लिहिलं, आणि तो लेख चार अनोळखी माणसांनी वाचून खाली दोन ओळी लिहिल्या. बारा वर्षांत मला पहिल्यांदा कोणीतरी वाचलं होतं. दुकानदार एरवी जे बोलत नाही ते लिहिलं की लोक वाचतात, हे मला तेव्हा कळलं. ते चुकीचं नव्हतं. फक्त दुकानदार काही गोष्टी का बोलत नाही, हा विचार मी केला नाही.

बाबांकडे बिस्किटांचा एक जुना पत्र्याचा डबा आहे. त्यात गिऱ्हाइकांच्या चिठ्ठ्या असतात. प्रत्येक घराचं मसाल्याचं आपलं प्रमाण असतं. किलोभर मिरचीला धने किती, दगडफूल किती, तिरफळं घालायची की नाही. बरीच घरं ती चिठ्ठी बाबांकडेच ठेवून जायची. दरवर्षी बाईने नुसतं समोर उभं राहायचं, की बाबा डब्यातून तिची चिठ्ठी काढून तागडीला लागायचे. दुकानात दुसरं कोणी असलं की चिठ्ठी पालथी ठेवायची आणि वजनं मोठ्याने बोलायची नाहीत, ही रीत मी फ्रॉकात असल्यापासून बघत आले. दुसऱ्याच्या घरचं प्रमाण दुकानात उच्चारायचं नाही. हे मला कोणी शिकवलं नाही, कारण शिकवायची गरजच नव्हती.

एका रविवारी बाबा जेवायला घरी गेले होते. मी डबा उघडला. एक चिठ्ठी कॅलेंडरच्या कागदामागे लिहिलेली होती, पेन्सिलीने, घड्यांवर फाटलेली. बाकी मालवणी मसाल्यासारखंच होतं, पण शेवटी लिहिलं होतं, उकडे तांदूळ एक मूठ, लाल होईस्तोवर भाजून. हे मी कुठेच ऐकलं नव्हतं. मी फोटो काढला आणि त्यावर लेख लिहिला. प्रमाण जसंच्या तसं दिलं. घराचं नाव दिलं नाही. नाव दिलं नाही म्हणजे मी काही केलंच नाही, अशी माझी पक्की समजूत होती.

तो लेख लोकांनी वाचला. नुसता वाचला नाही, एकमेकांना पाठवला. तो माझा आहे हे माहीत नसताना माझ्या ऑफिसातल्या एका बाईने मलाच तो फॉरवर्ड केला, 'बघ, असं लिहिता आलं पाहिजे' म्हणून. मी दिवसभर हवेत होते.

आठवडाभराने दोन मुली फोन घेऊन दुकानात आल्या आणि बाबांना म्हणाल्या, "काका, हा तांदूळवाला मसाला द्या ना." मी शेजारीच होते. बाबांनी चष्मा लावला, फोन हातात घेऊन सावकाश शेवटपर्यंत वाचलं, आणि फोन परत दिला. "आमच्याकडे नाही मिळत," ते म्हणाले. मुली गेल्यावर ते स्टुलावर बसले. माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही.

चिठ्ठीची मालकीण पुढच्या रविवारी आली. शिवडीला राहणारी, सत्तरीच्या पुढची बाई. मला लहानपणापासून ओळखते. बाबांना ओलांडून ती सरळ माझ्यासमोर उभी राहिली.

"माझ्या जावेक तीस वर्सां दिलंय नाय, ता तू अख्ख्या मुंबयक वाटलंस?"

मी म्हटलं, "मावशी, मी तुमचं नाव कुठे लिहिलंय?"

"नावाचा काय करूचा? माझी चिठी दी."

बाबांनी डब्यातून चिठ्ठी काढून दोन्ही हातांनी तिला दिली. ती पदराला डोळे पुसत गेली. मला वाटलं होतं ती आणखी बोलेल. बोलली असती तर बरं झालं असतं.

मी लेख पुसला. तोवर तो दहा ठिकाणी गेला होता, आणि कोणीतरी त्याचा व्हिडिओही केला होता, तांदूळ दुप्पट घालून. बाबांना सांगितलं, "काढून टाकला मी." ते म्हणाले, "लोकांच्या डोक्यातनं पण काढलास का?" त्यांनी आवाज चढवला नाही. एवढं बोलून ते वेलची निवडायला लागले.

त्या उन्हाळ्यात बायका येत राहिल्या, पण मसाल्याला नाही. आपली चिठ्ठी परत न्यायला. कोणी सबब सांगायची, सुनेला हवीय म्हणून, कोणी काहीच सांगायची नाही. बाबा प्रत्येकीला हात जोडायचे. जे गिऱ्हाईक पाकिटांनी तोडलं नव्हतं ते मी तोडलं. मी ब्लॉग लिहिते म्हणून तोडलं, तेही नाही. आयुष्यात एकदाच वाचण्यासारखा लिहिला म्हणून तोडलं, आणि त्यातलं वाचण्यासारखं काही माझं नव्हतं. ऑफिसात आता मी पुन्हा लिफ्टवर लिहिते. नवीन मुलं विचारतात, चांगला ब्लॉग कसा लिहायचा. मी सांगते, शब्द मोजून द्या आणि वेळेवर द्या.

आई जाऊन तीन वर्षं झाली. आमच्या घरचा मसाला बाबाच करून आणतात. त्याची चिठ्ठी कधीच नव्हती, ते प्रमाण आईच्या आणि बाबांच्या तोंडीच होतं. बाबा आता अठ्ठ्याहत्तरचे आहेत, जिना चढताना मधल्या मजल्यावर थांबतात. यंदा मार्चमध्ये जेवताना मी धीर करून म्हटलं, "बाबा, आपल्या मसाल्याचं प्रमाण मला एकदा सांगा ना. लिहून ठेवते."

त्यांचा घास हातात राहिला. मग त्यांनी तो खाल्ला, वर पाणी प्यायलं.

"मी आणतो की करून," ते म्हणाले. "तुला किती हवाय तेवढं सांग."

मी एक किलो म्हणाले.